पोळ्या, गिटार आणि माझा डावा हात

हवाइयन गिटार वाजवताना माणूस खुर्चीवर बसलेला असतो, गिटार मांडीवर आडवी निजलेली असते, आणि बघणाऱ्याला वाटतं, काय आरामाचं काम आहे. आमच्या ह्यांनाही तसंच वाटत होतं. "तू काय, बसूनच तर वाजवतेस," असं ते एकदा म्हणाले, तेव्हा मी त्यांना खुर्चीत बसवलं, गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली, स्टीलचा रॉड हातात दिला आणि म्हटलं, "धरा. वीस मिनिटं. तारांवरून नुसता मागेपुढे करत राहा." चौथ्या मिनिटाला फोन आला म्हणून ते उठले. फोन आलेला नव्हता.

ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. नेहमीच्या गिटारीत डाव्या हाताची बोटं तारांवर ठेवतात. हिच्यात तारा उंच उचललेल्या असतात आणि डाव्या हातात बोटाएवढा, गुळगुळीत, चांगला वजनदार असा स्टीलचा रॉड असतो. तो तारांवरून सरकवला की एक स्वर दुसऱ्यात वाहत जातो. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या चढवायच्या आणि तारा छेडायच्या. ऐकायला फार गोड. जुनी गाणी हिच्यावर वाजायला लागली की माणसं बोलायची थांबतात, निदान आमच्या घरात तरी थोडा वेळ थांबतात.

पण माझा डावा हात चौथ्या गाण्याला बंद पडायचा. आधी अंगठ्याच्या बुडाशी कळ यायची, मग ती मनगटावरून कोपरापर्यंत चढायची, मग बोटं अशी आखडायची की मी रॉड धरलाय की रॉडने मला, तेच कळेनासं व्हायचं. एकदा तर तो हातातून सुटून फरशीवर पडला. दणका असा बसला की खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या आणि सिलिंडर पडला का म्हणून विचारायला लागल्या. मी म्हटलं, नाही, संगीत पडलं. त्यांना ते आवडलं नाही.

गिटार मी एकोणिसाव्या वर्षी शिकले, कल्याणला, माहेरी असताना. तेव्हा हवाइयन गिटारचे क्लास जिकडेतिकडे होते आणि मुलींनी शिकायला ते वाद्य बरं समजलं जायचं, कारण बसून वाजवायचं. लग्न होऊन डोंबिवलीला आले तेव्हा ती माझ्याबरोबर आली. कोणी कधी 'बंद कर' म्हटलं नाही, हे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. ऑफिस, मुलगा, त्याची शाळा, स्वयंपाक यांत ती आधी पलंगाखाली गेली आणि मग कपाटावर. दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले, तेव्हा खाली काढली. तारा गंजलेल्या होत्या. बोटांना मात्र सगळं आठवत होतं आणि मी त्या दिवशी दुपारची जेवायची विसरले.

मानपाडा रोडच्या बाजूला एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये आम्हा निवृत्तांचा वाद्यवृंद जमतो. तबल्यावर एक माजी मुख्याध्यापक आहेत, ते अजून हजेरी घेतात. गेल्या वर्षी त्यांनी ठाण्याला एका छोट्या सभागृहात कार्यक्रम ठरवला आणि मला अर्धा तास दिला. सहा गाणी, सलग, मध्ये निवेदन नाही. "निवेदनाने लय तुटते," असं त्यांचं म्हणणं. मी आनंदाने हो म्हटलं आणि घरी येऊन हिशेब केला की माझा हात चार गाण्यांचा आहे.

हात दुखतो ही गोष्ट डोंबिवलीत चारचौघांत बोलू नये. एकीने मोहरीचं तेल सांगितलं, एकीने कोमट पाण्यात मीठ, तिसरीने स्पंजचा बॉल दाबायला दिला, आणि मुख्याध्यापकांनी अनुलोम-विलोम. मी एका आठवड्यात सगळं केलं. तेल लावून वाजवायला बसले तर रॉड साबणाच्या वडीसारखा निसटायला लागला. बॉल दाबदाबून हात जो आधी संध्याकाळी दुखायचा तो सकाळीच दुखायला लागला. शेवटी आम्ही दोघं हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी अंगठा वाकवला, मनगट फिरवलं आणि विचारलं, "या हाताने काही जास्तीचं काम होतं का?"

मी तोंड उघडायच्या आत आमचे हे म्हणाले, "गिटार वाजवते."

"मग थोडे दिवस हाताला आराम द्या," डॉक्टर म्हणाले.

एवढंच झालं. त्यात चूक कोणाचीच नव्हती. पण घरी पोचेपर्यंत त्या 'आरामा'चा अर्थ ठरून गेला होता.

रविवारी मुलगा आणि सून घोडबंदर रोडवरून आले. दीड तास ट्रॅफिकमध्ये काढून आलेली भुकेली माणसं. टेबलाशी सगळे बसले आणि माझ्या हातावर चर्चा सुरू झाली. "आई, तू ना, सीरियसली घे हे," मुलगा म्हणाला. "पुढे जाऊन सर्जरी वगैरे करायला लागते लोकांना. एक महिना टोटल रेस्ट." ह्यांनी मान डोलावली. गिटार माळ्यावर ठेवायची असं ठरलं, म्हणजे समोर दिसणार नाही आणि हात शिवशिवणार नाही. मुलगा लगेच उठला, स्टूल घेतलं आणि माझी गिटार बेडरूमच्या माळ्यावर, दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या खोक्यामागे ठेवून आला. सगळं मायेनेच चाललं होतं, हे मला तेव्हाही दिसत होतं.

आणि हे सगळं चालू असताना मी काय करत होते? ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटत होते. अकरावी पोळी तव्यावर होती, बारावी पोळपाटावर.

"आई, अजून एक दे ना, गरम," मुलगा स्टुलावरून उतरून हात धूत म्हणाला.

माझा राग मला नेहमी डोक्याच्या मागून येतो. आधी कान गरम होतात. मी गॅस बंद केला, लाटणं पोळपाटावर आडवं ठेवलं आणि बाहेर आले.

"ठीक आहे," मी म्हटलं. "हाताला आराम. आजपासून पोळ्या बंद."

 मग आमचे हे अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "अगं, पण डॉक्टरांनी पोळ्यांचं काही म्हटलं नाही."

"कारण तुम्ही त्यांना सांगितलंच नाहीत!"

"आई, तसं नाही," मुलगा म्हणाला, "म्हणजे, गिटार कसं, ऑप्शनल आहे ना. पोळ्या…" इथे तो अचानक थांबला. सुनेने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला असावा. शहाणी मुलगी आहे.

तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण माझ्या माहेरी म्हणायचे, हिची जीभ आधी धावते आणि अक्कल मागून चपला शोधत येते. मी म्हटलं, "ऐकून ठेवा. ठाण्याच्या कार्यक्रमात मी सहाच्या सहा गाणी वाजवणार. मध्ये हात थांबला, तर ती गिटार मी स्वतःच्या हाताने कोणाला तरी देऊन टाकेन. परत नाव काढणार नाही." बोलले आणि लगेच पस्तावले. पण बोललेलं गिळायची आमच्याकडे पद्धत नाही. कार्यक्रमाला सहा आठवडे होते.

टेबलाच्या टोकाला माझ्या सासूबाई बसल्या होत्या.  पोळीचा तुकडा वरणात बुडवून मऊ होईपर्यंत थांबल्या, मग खाल्ला.

सासूबाईंबद्दल सांगायला हवं. त्यांचं वय चौऱ्याऐंशी. साताऱ्याकडच्या. घडीची पोळी करावी तर त्यांनी, असं सगळं नात्यागोत्यातलं माणूस म्हणायचं. मी कोकणातल्या घरची, आम्ही भातखाऊ, आमच्याकडे पोळी सणावाराला. त्यामुळे लग्न झाल्यापासून सदतीस वर्षं माझ्या पोळीवर त्यांचा एकच शेरा, "जाड." रागाने नाही, नुसतं पोळी उचलून उजेडाकडे धरायच्या आणि म्हणायच्या. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या बोटांचे सांधे सुजले, मुठी मिटेनाशा झाल्या, आणि तेव्हापासून स्वयंपाकघर सगळं माझ्याकडे आलं. मी त्यांना कशालाही हात लावू देत नाही. शेजारच्या बायका माझं कौतुक करतात, सासूला किती जपते म्हणून.

तर माझा संप सुरू झाला. आमचे हे रोज सकाळी पोळीभाजी केंद्रावर रांगेत उभे राहायला लागले. त्या केंद्रांना मी नाव ठेवणार नाही, डोंबिवलीतल्या निम्म्या नोकरदार बायकांचा डबा त्यांच्या जिवावर निघतो आणि मीही अडीनडीला तिथूनच आणलंय. पण ह्यांना रोज तव्यावरून ताटात पडणारी पोळी हवी. दुपारची पोळी रात्री खाताना ते एक एक घास असा चावायचे की मला शेजारच्या खोलीत ऐकू यायचं. मी मुद्दाम विचारायचे, "कशी आहे?" ते म्हणायचे, "बरी आहे की." माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याचा जबडा जास्त हलतो.

दहा दिवसांनी सकाळी उठले तर अंगठा मोकळा. मी तो सगळ्यांना हलवून दाखवला. मी फोनवर मुलाला सांगितलं, सुनेला सांगितलं, वाद्यवृंदात सांगितलं, खालच्या काकूंना जिन्यात थांबवून सांगितलं, की दुखणं गिटारीचं नव्हतंच, पोळ्यांचं होतं. गिटारही दहा दिवस माळ्यावरच होती, हे मी हिशेबात धरलं नाही. ह्यांना स्टुलावर चढवून गिटार खाली काढायला लावली. आकाशकंदिलाच्या खोक्याची धूळ त्यांच्याच डोक्यावर पडली, ते बघून मला मनापासून बरं वाटलं.

वाजवायला बसले. पहिलं गाणं, दुसरं, तिसरं. हात हलका, स्वर लांब, मी अगदी खुशीत. चौथ्याला अंगठ्याच्या बुडाशी तीच कळ आली. पाचवं गाणं मी अर्ध्यावर सोडलं.

मी खरंच घाबरले. इतक्या लोकांना सांगून बसले होते की दोष पोळ्यांचा, आणि पोळ्या बंद होत्या, आणि हात तसाच दुखत होता. म्हणजे दोष गिटारीचाच, किंवा माझ्या वयाचा, आणि दोन्हींना इलाज नाही. मला दिसायला लागलं की मी गिटार कोणाला तरी देतेय, आणि तो माणूस ती त्याच्या कपाटावर ठेवतोय. डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला मी नख्या काढून पुसत बसले.

"थांब," मागून आवाज आला. गॅलरीच्या दाराशी सासूबाई त्यांच्या खुर्चीत बसल्या होत्या. मी विसरूनच गेले होते. "मी मगापासून बघतेय. तू दाबतेस."

"आई, तुम्हाला गिटारीतलं काय कळतं?" मी म्हटलं. उद्धटपणाच होता तो.

"गिटारीतलं नाही कळत. दाबण्यातलं कळतं. सदतीस वर्षं तुझ्या पोळ्या खातेय." त्या काठी टेकत जवळ आल्या. "धर तो रॉड परत. वाजव. आता तुझ्या नखाकडे बघ."

मी बघितलं. अंगठ्याचं नख पांढरंफट्ट पडलं होतं. आयुष्यात मी गिटार वाजवताना तारांकडे पाहिलं, रॉडकडे पाहिलं, लोकांकडेही पाहिलं, पण स्वतःच्या नखाकडे कधी पाहिलं नव्हतं.

"ऊठ. कणीक मळ."

"माझा संप आहे."

"संप राहू दे बाजूला. वाटीभर मळ."

मळली. पोळपाट मांडला, गोळा ठेवला, लाटायला लागले आणि त्यांनी माझ्या हातांवर त्यांचे हात ठेवले. सुजलेले, वाकडे, मिटत नसलेले. वजनच नव्हतं त्यांना. "हे लाटणं सागाचं आहे, जड आहे की नाही? मग त्याला त्याचं काम करू दे. तू फक्त कुठे जायचं ते सांग. खांदे खाली घे. श्वास का धरलायस? कोणी बुडतंय का?"

मी श्वास सोडला आणि हात सैल टाकले. आणि पोळी फिरली. आपोआप, लाटण्याबरोबर, पोळपाटावर गोल. सदतीस वर्षं मी उचलून, वळवून, चिमटून लाटत होते, आणि ती बया मी दाबायची थांबले म्हटल्यावर स्वतःच फिरायला लागली. मला हसू आलं आणि त्याच क्षणी असा संताप आला की काय सांगू.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. तू या घरात आल्यावर तिसऱ्या दिवशी. तू म्हणालीस, आमच्याकडे अशीच लाटतात."

हे मी म्हणाले असणार, यात मला तिळमात्र शंका नाही.

हात धुऊन परत गिटारीशी बसले. रॉड तारांवर नुसता ठेवला, भाजलेला पापड उचलावा तसा दोन बोटांत धरून, पहिलं बोट वर टेकवून. वाटलं, आता हा घरंगळत जाणार. गेला नाही. त्याच्या वजनानेच तारा चिकटून बसल्या, आणि सरकवताना येणारी ती करकर, जी मी इतके दिवस तारांच्या माथी मारत होते, ती गेली. स्वर स्वच्छ आला. सासूबाई म्हणाल्या, "हां. आता पातळ आली."

एका दिवसात सवय सुटत नाही. पुढचे चार आठवडे मी माझ्या हातावर पोलिसासारखी पाळत ठेवली आणि लक्षात आलं, मी सगळंच दाबते. टूथपेस्ट, टीव्हीचा रिमोट, भाजीवाल्याकडे वांगं. फोन कानाशी असा धरते की जणू समोरचा पळून जाईल. सासूबाई खुर्चीतून बघायच्या आणि म्हणायच्या, "सोड." दिवसातून वीसदा. एकदा मी त्यांच्यावरच ओरडले की मला जरा सोडा, तर म्हणाल्या, "मी कुठे धरलंय."

त्यांनी आणखीही काही पकडलं. ओटा उंच असला की लाटणाऱ्याचे खांदे वर चढतात, तसे माझे वाजवताना चढतात, असं त्यांचं म्हणणं. मी खुर्चीवर सतरंजीची घडी टाकून बसायला लागले, हात वरून खाली पडायला लागला आणि मानही दुखायची थांबली. नख्या मी फार घट्ट चढवायचे, बोटांची टोकं निळी पडायची, त्या जरा सैल केल्या. आणि एक गोष्ट मला स्वतःला सुचली. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून मी घरी अँप्लिफायर न लावता वाजवायचे. आवाज कमी, मग तो यावा म्हणून उजव्या हाताने तारा ओरबाडायच्या, आणि उजव्याने जोर लावला की डावाही आपोआप आवळायचा. मुलाला हे सांगितलं तर तो पुढच्याच रविवारी कॉलेजात घेतलेला छोटा अँप्लिफायर घेऊन आला. गिटार माळ्यावर टाकल्याबद्दल तो काही बोलला नाही, पण वायर स्वतः लावून दिली, आवाज बारीक कसा ठेवायचा ते तीनदा दाखवलं. मला पहिल्यांदाच कळलं होतं, पण मी तीनदा बघितलं.

दोन गाण्यांनंतर हात खाली सोडून पाणी झटकल्यासारखे झटकायचे, हेही मी नियमाने करायला लागले. कार्यक्रमात दुसऱ्या आणि चौथ्या गाण्यानंतर तबल्याने चार आवर्तनं एकट्याने वाजवावी, असं मुख्याध्यापकांना सुचवलं. ते खूष. हात माझा सुटणार होता, पण त्यांना वाटलं, त्यांच्या तबल्याची कदर झाली. मी गैरसमज दूर केला नाही.

संप कधी मोडला ते कोणालाच कळलं नाही. मी सराव म्हणून सकाळी चार पोळ्या लाटायचे, निव्वळ हाताला आठवण करून द्यायला. पहिले दिवस आकार असे यायचे की ह्यांनी एकदा ताटात बघून "हा कुठला जिल्हा?" असं विचारलं. दोन आठवड्यांनी एक दिवस त्यांनी पोळी खाल्ली, दुसरी घेतली, तिसरी मागितली आणि गालात हसत म्हणाले, "हे केंद्र चांगलं आहे. कुठलं?"

मी वरण वाढलं. सासूबाईंनी पोळी उजेडाकडे धरली, बघितली, ताटात ठेवली आणि जेवायला लागल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही तिघं टॅक्सीने ठाण्याला निघालो. सासूबाईंना एवढा प्रवास नको असं माझं मत होतं, पण त्या सकाळीच साडी नेसून बसल्या होत्या. शीळफाट्याला गाड्या तुंबल्या. वीस मिनिटं एका जागी. मी घड्याळ बघत होते आणि मागच्या सीटवरून आवाज आला, "पर्स सोड." बघते तर पर्सचा पट्टा मी दोन्ही हातांनी पिळून धरलेला. सोडला. ड्रायव्हर आरशातून बघून हसला.

सभागृह लहान होतं, पण भरलेलं. पहिली चार गाणी कशी गेली ते मला नीट आठवत नाही, म्हणजे चांगलीच गेली असणार. पाचव्या गाण्याच्या अंतऱ्यात, वरच्या पट्टीत, टाळ्या ऐकून मला जरा चेव आला. आणि ती कळ आली. तीच, अंगठ्याच्या बुडाशी. हात आवळायला लागला. एकदा वाटलं, एवढी ओळ जोर लावून काढू आणि मग बघू. सगळं आयुष्य मी एवढी ओळ काढू आणि मग बघू असंच केलं आहे. मी नखाकडे पाहिलं. पांढरं.

मग भर स्टेजवर मी मूठ सैल सोडली, इतकी की रॉड पडेल अशी भीती वाटली. तो जरा घसरला, स्वर पाव पायरी वर गेला, पहिल्या रांगेतल्या कोणालाही कळेल असा बेसूर झाला, आणि मुख्याध्यापकांनी भुवया कपाळावर नेल्या. पण हात उघडला. कळ कोपराकडे निघालेली, ती वाटेतच राहिली. सहावं गाणं संथ होतं. ते मी पहिल्यापेक्षा हलकं वाजवलं, आणि शेवटचा स्वर संपेपर्यंत धरून न ठेवता नुसता तारेवर राहू दिला. मग दोन्ही हात जोडून नमस्कार केला. डाव्या हाताची पाचही बोटं सरळ जुळली, हा आनंद त्या सभागृहात फक्त मला आणि आणखी एकीला कळला असेल.

"मग गिटार द्यायची नाही तर," बाहेर आल्यावर आमचे हे म्हणाले, आणि माझ्या हातातली गिटारीची केस स्वतः उचलली. टॅक्सीपर्यंत नेली. त्यांचे डोळे जरा ओले होते, ते मी बघितलं नाही असं दाखवलं.

सासूबाई येताना काहीच बोलल्या नाहीत. मी वाट बघत होते, 'पातळ' म्हणतील म्हणून. म्हणाल्या नाहीत. थकल्या असतील, असं मी समजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कणीक मळत होते तर त्या काठी टेकत स्वयंपाकघरात आल्या. सहा वर्षांत त्या स्वतः काही करायला म्हणून आत आल्या नव्हत्या.

"तुझा हात सुरू झाला," त्या म्हणाल्या. "आता माझं लाटणं दे."

"आई, तुमची बोटं दुखतील," मी म्हटलं. तोंडातून सवयीनेच आलं.

"दुखतीलच. तुझी दुखत होती तर तुझी गिटार माळ्यावर ठेवली, तेव्हा केवढी ओरडलीस. मी ओरडले नाही, एवढाच फरक."

 त्यांच्या डॉक्टरांनीही तेव्हा 'थोडे दिवस आराम' असंच सांगितलं होतं. त्या थोड्या दिवसांची सहा वर्षं मी केली होती, मायेने, आणि शेजारणींकडून कौतुक करून घेत. त्या दिवशी मला जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात क्वचित वाटली असेल.

मी पोळपाट जेवणाच्या टेबलावर मांडला, त्यांच्या खुर्चीवर उशी ठेवली, गोळे करून दिले, तवा तापत ठेवला. त्यांची बोटं लाटण्याभोवती मिटत नव्हतीच. त्यांनी ते दोन्ही तळव्यांखाली घेतलं आणि नुसतं पुढे लोटलं, मागे आणलं. मध्ये दोनदा थांबून हात मांडीवर ठेवले. मी 'राहू द्या' म्हणाले नाही, पण ते ओठांवर आलं होतं. एका पोळीला माझ्या एका गाण्याएवढा वेळ लागला. कडेला जरा चिरली, पण मी भाजायला उचलली तेव्हा हातावर असल्यासारखी वाटली नाही.

"बसून खा," त्या म्हणाल्या आणि दुसरा गोळा घेतला. मी बसले.